शिडाचा भागीदार

सुराबाया शहरातल्या विबिसोनोने आमच्या होडीच्या नव्या शिडाला पैसे घातले आणि भागीदार म्हणून माझ्याच घरी राहायला आला. सुकाणू मी धरतो, म्हणून. लेंबाटा बेटाच्या आमच्या किनाऱ्यावर भागीदाराचा वाटा देवमाशाच्या मांसात मिळतो, हे मी त्याला सांगून थकलो. तो मान डोलवायचा आणि विचारायचा, "बरं, पण नफा कधी?" डोकं फिरायचं माझं.

मोसम लागला, तरी होडी रोज रिकामी येऊ लागली. तेव्हा आमचा म्हातारा भालेकरी लाझारुस अंगणात येऊन बसला. होडी रिकामी आली म्हणजे होडीवरच्या कुणाच्या नाहीतर भागीदाराच्या घरात भांडण आहे, हे इथे शेंबडं पोरही जाणतं.

"काय रे, तुझं कुणाशी बिनसलंय?"

विबिसोनो गोंधळला. "काका, माशांचा आणि माझ्या भांडणाचा काय संबंध?"

"शीड तुझं. तुझ्या मनात राग असला तर वारा त्यात भरेल कसा? बोल."

शेवटी धाकट्या भावाचं नाव निघालं. लाझारुसने तिथल्या तिथे फोन लावायला लावला. दोघे भाऊ ढसाढसा रडले.

दुसऱ्या दिवशी होडी पुन्हा रिकामी.

"आता माझं जगात कुणाशीच भांडण नाही हो!" विबिसोनो ओरडला.

लाझारुस डोकं खाजवू लागला. मला वाटलं, हा शहरी गडी नक्की काहीतरी लपवतोय.

तेवढ्यात माझी बायको चुलीपाशी उठून उभी राहिली. महिनाभर ती घरात माझ्याशी अवाक्षर बोलली नव्हती.

"काका," ती म्हणाली, "शिडाचं झालं. आता सुकाणूवाल्याला विचारा."