अर्धा श्वास उशिरा

ताईने चपला काढून भिंतीशी सारल्या आणि विंगेतल्या बत्तीस बायकांना नुसत्या हाताने गप्प केलं. नेपथ्याच्या शेवटच्या फळीमागे, दोरखंडांच्या आणि वाळूच्या पोत्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत त्या दाटीवाटीने उभ्या होत्या. समोर स्टुलावर रंगमंचापुढचं थेट दाखवणारा एक लहानसा टीव्ही होता आणि त्यात तिचा धाकटा भाऊ वाद्यवृंद चालवत होता.

दुपारची रंगीत तालीम होती. उद्या पहिला प्रयोग. व्यवस्थापकांपासून तिकीटखिडकीवरच्या बायकांपर्यंत सगळे सभागृहात येऊन बसले होते. धाकट्याला बघायला.

चौदा वर्षं ताई या नाट्यगृहात वाद्यवृंदाची सहायक संचालक, म्हणजे सहायक कंडक्टर होती. गायकांना पियानोशी उभं करून ऑपेरा घोटून घ्यायचा, कुणाचा घसा बसला तर त्याची मनधरणी करायची, आणि सगळं तयार झालं की बाहेरून कुणीतरी मोठा माणूस येऊन संचालनाची छडी, बॅटन, हातात घ्यायचा. या वेळी तो मोठा माणूस तिचाच भाऊ होता. त्याला चार मात्रा मोजायला तिनेच शिकवलं होतं, जेवणाच्या टेबलावर, चमच्याने. दोन्ही मुलं कंडक्टर, तरी बसमध्ये तिकीट मलाच काढावं लागतं, असं वडील येईल-जाईल त्याला सांगत. पुढे धाकटा परदेशी गेला, नावारूपाला आला, आणि वडिलांच्या बोलण्यात हळूहळू कंडक्टर एकच उरला.

आल्या दिवशी त्याने पहिला अंक ऐकून घेतला आणि सगळ्यांसमोर सांगितलं की तयारी ताईची आहे, मला फारसं काम उरलेलं नाही. टाळ्या पडल्या. ताईही हसली. तो जरा तोऱ्यात वागला असता तर तिला बरं वाटलं असतं. निदान रागाला धरायला काही मिळालं असतं.

ते दुसऱ्या दिवशी मिळालं. म्हातारा हॉर्नवादक चौदा वर्षं तिच्या तालमींना मांडीवर शब्दकोडं घेऊन बसत आला होता. धाकट्याने हात वर केला तसं त्याने वर्तमानपत्राची घडी घातली, खुर्चीखाली सरकवलं आणि मान वर केली. एवढंच झालं. पण त्या संध्याकाळी ताई भरलं ताट तसंच टाकून उठली.

तिसऱ्या अंकात एकटी पडलेली आई नदीकाठी उभी असते आणि पलीकडच्या काठावरून गावातल्या बायका तिला हाक देतात. त्या बायका म्हणजे विंगेतल्या या बत्तीस जणी. इतक्या मागून आवाज सभागृहात पोचायला वेळ लागतो, म्हणून टीव्हीतल्या हातापेक्षा किंचित आधी खूण द्यायची असते. हे किंचित म्हणजे किती, ते या इमारतीत फक्त ताईला ठाऊक होतं.

टीव्हीत धाकट्याचा हात वर गेला. ताईचाही गेला. बायकांनी श्वास घेतला.

हात खाली यायची वेळ आली आणि गेली. ताईने तो धरून ठेवला. पहिल्या ओळीतल्या जाड्या बाईने डोळे मोठे केले. टीव्हीतला हात खाली येऊन गेल्यावर मग ताईने खूण दिली.

आता तो थांबवणार, सगळ्यांसमोर त्याचा ताल सुटल्याचं दिसणार, असं मनाशी म्हणत ती टीव्हीकडे बघत राहिली. धाकटा थांबला नाही. त्याने डावा तळवा उघडला आणि चेलोंचा खालचा सूर तसाच अधांतरी धरून ठेवला. हाक आली, तेव्हाच सोडला. ती अशी आली की मध्ये खरोखरच पाणी असावं.

तालीम संपल्यावर व्यवस्थापक तिला शोधत विंगेत आले. त्यांचा चष्मा हातात होता. त्या जागी आपली आई आठवली, असं ते म्हणाले, आणि ही कल्पना ताईची असल्याचं धाकट्याने आवर्जून सांगितल्याचंही म्हणाले. ताईने चपला पायात सरकवल्या आणि ती धाकट्याच्या खोलीकडे निघाली.

तो ओल्या शर्टातच बसला होता, उजवा खांदा गरम पाण्याच्या पिशवीने शेकत. समोर स्वरलिपी उघडी होती, नेमकी त्या पानावर. ताईने दार लावून घेतलं.

"ती कल्पना नव्हती," ती म्हणाली. "तुला पाडायचं होतं मला."

"माहीत आहे."

"कधी कळलं?"

"तुझ्या बायकांचा आवाज आला नाही तेव्हाच. तुझी मात्रा कधी चुकली आहे का, ताई?" त्याने पिशवी खाली ठेवली. "मी फार घाबरलो."

ताई उभीच राहिली. इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून हा शब्द तिने ऐकला नव्हता, आणि तो ऐकून बरं वाटलं याची तिला लाज वाटली, पण बरं वाटलंच.

त्याने स्वरलिपी तिच्याकडे फिरवली आणि वर पेन्सिल ठेवली.

"किती थांबायचं ते लिहून दे. मला मोजता आलं नाही."

ती बसली. समासात तिने बारीक अक्षरात लिहिलं: अर्धा श्वास. त्याने वाकून वाचलं.

"आज जास्त होता."

"आज मी रागात होते."

खांदा चोळत त्याने ती ओळ पुन्हा वाचली.

"मग आज होता तेवढाच लिही," तो म्हणाला.