लग्नात वाजलेला खटखट्या

मी एक जुना खटखट्या आहे, मित्रांनो! हातभर फळी, खाली मूठ आणि दोन्ही अंगांना डुलणारे दोन लाकडी हातोडे. मनगट फिरवलं की माझा आवाज पार गावाच्या टोकाला जातो.

आमचं चर्च तेव्हा मातीच्या भिंतींची एकच खोली होतं. वेदी घडवून उरलेल्या फळीतून सुताराने मला केलं. घंटा घ्यायची ऐपत कुठे होती? मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, या म्हणून मीच हाका मारायचो. काय थाट होता माझा!

मग गावाने दगडी भिंती उभारल्या, मनोरा चढवला आणि गाडीत घालून घंटा आणली. माझी रवानगी वेदीमागच्या कपाटात झाली. येशूच्या मरणाच्या स्मरणात वर्षातून दोन दिवस घंटा मुकी ठेवतात, तेवढेच दिवस माझे. हळूहळू माझा आवाज म्हणजे दुःख, असंच सगळ्यांच्या मनात बसलं. मुलं मला पाहून आईच्या मागे लपायची. फार वाईट वाटायचं हो मला.

आणि एके सकाळी काय झालं, ऐका! घंटावाल्याच्या लेकीचं लग्न होतं. तीस वर्षं त्याने गावातल्या प्रत्येक नवरीसाठी घंटा वाजवलेली. त्या दिवशी पहिल्याच ठोक्याला घंटेला तडा गेला. फुटक्या पातेल्यासारखी वाजायला लागली ती. बिचारा पायरीवर मटकन बसला.

"सगळ्यांच्या पोरी वाजतगाजत आत नेल्या. माझीच मुकाट्याने जाणार!"

नवरी नटूनथटून समोर उभी. "बाबा, कपाटात खटखट्या आहे की."

"वेड लागलंय का तुला? तो मरणाचा आवाज. सासरचे काय म्हणतील?"

"म्हणू देत. मला तुमच्या हातचा आवाज हवाय. तो कशातून येतो ते मी नाही बघणार."

फादर हसत म्हणाले, "चावी घ्या कपाटाची. माझी काही हरकत नाही."

मित्रांनो, कपाटात माझी नुसती धडधड चालली होती! घंटावाल्याने मला उचललं. पहिले दोन ठोके दुःखाच्या दिवसांसारखेच संथ पडले. वऱ्हाडी एकमेकांकडे बघू लागले. नवऱ्या मुलाच्या आत्याने तर कपाळाला आठ्या घातल्या. तेवढ्यात नवरी मागे वळून म्हणाली, "बाबा, जरा जोरात!"

मग काय विचारता! त्याचं मनगट सुसाट सुटलं. खटखट, खटखट, खटाखट! आत्याबाईंचा पाय ठेका धरू लागला. माझा एक हातोडा निखळून फुलांच्या टोपलीत पडला, तरी तो थांबेना. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडभर हसू होतं. मुलं धावत आली आणि चक्क माझ्याभोवती नाचली!

आता नवी घंटा आली आहे. तरी नवऱ्या मुली फादरांना हळूच विचारतात, "खटखट्या वाजवाल ना?"

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी वस्तू, एखादं माणूस असेल, ज्याची आठवण फक्त रडायच्या दिवशी होते. त्याला एकदा हसायच्या दिवशी बोलावून तर बघा!