आईंच्या हातचा केक

मी सुरी बोलतेय. लांब पात्याची, दातेरी, केक कापायची सुरी. माझ्याकडून गोडगोड बोलण्याची अपेक्षा असेल तर आत्ताच पान उलटा. सगळा जन्म गोडात गेला तरी माझी जीभ काही गोड झाली नाही, आणि ज्या घरात मी राहते तिथल्या माणसांनी ती होऊही दिली नाही.

एका कारखान्यात पोलादाच्या पत्र्यातून मला कापून काढलं. यंत्रानं दाते पाडले, लाकडी मूठ बसवली आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात झोपवलं. दुकानाच्या काचेमागे मी बरेच दिवस धूळ खात पडले होते. मग एक बाई आल्या आणि दुकानदाराला म्हणाल्या, "कितीही कडक असलं तरी कापेल ना ही?" तो हो म्हणाला, तशा त्या गालातल्या गालात हसल्या. तेव्हाच मला कळायला हवं होतं की या हसण्यात काही बरं नाही.

त्या या घरातल्या आत्याबाई, म्हणजे इथल्या सासूबाईंच्या नणंद. सणाचा दिवस होता, बाहेरच्या खोलीत पाहुणे बसले होते. आत्याबाईंनी सगळ्यांसमोर माझं खोकं सासूबाईंच्या हातात ठेवलं. "वहिनी, तुमचा केक कापताना दादाचा हात भरून यायचा हो. म्हणून ही आणली." सगळे खो खो हसले. ज्यांचा हात भरून यायचा ते दादासुद्धा हसले. सासूबाईंनी हसून "कशाला उगाच" म्हटलं खरं, पण आत आल्यावर मला ओट्यावर अशी आदळली की माझी मूठ तेव्हापासून किंचित हलते. अशी मी या घरात आले. भेट कसली, टोमणाच होते मी.

आता खरं बोलायचं तर आत्याबाईंचं काही चुकलं नव्हतं. सासूबाईंचा केक पांढराफटक आणि घट्ट व्हायचा. पण या घरात दर सणाला केक घरीच करायचा, त्याचे जाड तुकडे कागदात गुंडाळायचे, दोऱ्यानं बांधायचे आणि एकूण एक नातेवाइकाकडे पोचवायचे, असा शिरस्ता होता. नातेवाईक पाकीट घ्यायचे, "अरे वा, घरचा!" म्हणायचे, आणि पुढे त्या तुकड्याचं काय व्हायचं ते त्यांनाच ठाऊक. आणखी हवा म्हणून कुणी कधी दार वाजवलं नाही.

मग दादा वारले आणि पुढे काही वर्षांनी घरात सून आली. पहिल्याच सणाला म्हणाली, "आई, यंदा केक मी करू का?" सासूबाईंना काय, सुंठीवाचून खोकला गेला. त्या बाहेरच्या खोलीत जाऊन पंख्याखाली बसल्या.

सुनेनं जाड बुडाच्या पातेल्यात कोरडी साखर टाकली आणि मंद आचेवर ठेवली. साखर वितळली, सोनेरी झाली, मग तांबडी, मग तिच्यातून धूर निघायला लागला. मला वाटलं, गेली, जाळली या पोरीनं! पण ती ढिम्म. अगदी काळी होण्याच्या बेतात आली तेव्हा तिनं हात लांब धरून त्यात उकळतं पाणी ओतलं. पातेलं असं फसफसलं की ओट्यावरचे डबे हादरले. एक थेंब उडून तिच्या मनगटावर बसला. तो डाग अजून आहे. पण त्या जळक्या साखरेनं केकला जो रंग आला, जो वास आला! खजूर होते, अक्रोड होते, संत्र्याची साल होती, पण खरी करामत त्या साखरेची. माझं पातं त्या केकमधून असं गेलं की मला पहिल्यांदाच स्वतःचा अभिमान वाटला.

बाहेर पाहुण्यांनी तुकडे उचलले. आत्याबाईंनी एक घास घेतला, डोळे मोठे केले आणि म्हणाल्या, "वहिनी! अखेर जमला की हो तुम्हाला!"

मी तेव्हा सासूबाईंच्या हातात होते. त्यांची मूठ माझ्यावर घट्ट झाली. मला वाटलं, आत्ता सांगतील, सुनेनं केलाय म्हणून. त्यांनी तोंड उघडलंही. मग मिटलं, आणि म्हणाल्या, "घ्या ना, आणखी एक घ्या."

सून दारात बशा घेऊन उभी होती. नवी होती, बिचारी गप्प राहिली. तिला वाटलं, आजचा दिवस जाऊ दे, त्या सांगतील नंतर. कसल्या सांगतात! पुढच्या सणाला तेच, त्याच्या पुढच्या सणालाही तेच. दिवसभर सून ओव्हनपाशी घाम गाळणार, आणि केक गार झाला की सासूबाई पदर खोचून येणार, "आण गं सुरी इकडे" म्हणणार, कापणार, गुंडाळणार. पाकिटांवर आता चिठ्ठ्या लागायला लागल्या, 'आईंच्या हातचा केक'. त्या चिठ्ठ्या लिहायला सासूबाईंचा मुलगा, म्हणजे सुनेचा नवरा, बसायचा. त्याचं अक्षर वळणदार आहे. बाकी त्या माणसात सरळ असं काही नाही. मी त्याला कुलदीपक म्हणते.

एका वर्षी सून त्याला म्हणाली, "या वेळी चिठ्ठीवर माझं नाव लिही ना. नुसतं एकदा."

"अगं, केक तो केकच," कुलदीपक मान वर न करता म्हणाला. "आईला बरं वाटतं. तुझं काय जातं?"

तुझं काय जातं! माझ्या पात्याला हातपाय असते तर तेव्हाच ड्रॉवरमधून बाहेर आले असते. त्या बाईला काय हवं होतं? दागिना नको होता, साडी नको होती. 'हा हिनं केला' एवढं एक वाक्य हवं होतं, चार माणसांत, मोठ्यानं. तेवढ्यासाठी ती वर्षानुवर्षं साखर जाळत होती आणि दर वर्षी ते वाक्य दुसरीच्या नावानं ऐकत होती.

मग तो सण आला. आत्याबाई आल्या त्या त्यांच्या नव्या सुनेला घेऊन, आणि आल्या आल्या म्हणाल्या, "वहिनी, हिला तुमचा केक शिकायचाय. आत्ता, इथंच, आमच्यासमोर करून दाखवा."

ताटात सुनेनं आदल्या दिवशी केलेला केक होता, काळसर तपकिरी, चकचकीत. कोणतंही शहाणं माणूस म्हणालं असतं, आज पाठ दुखतेय, पुन्हा कधीतरी. पण सासूबाईंना इतक्या वर्षांत स्वतःचीच थाप पटली होती. आणि आत्याबाईंनी वर डिवचलं, "की येत नाही?"

"न यायला काय झालं?" सासूबाई उठल्याच.

सगळं लटांबर स्वयंपाकघरात आलं. सून भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभी राहिली. सासूबाईंनी लोणी फेटलं, अंडी फोडली, मैदा चाळला. नवी सून मन लावून बघत होती. तिनं विचारलं, "मामी, पण रंग कशानं येतो?"

"खजुरानं," सासूबाई ठसक्यात म्हणाल्या.

आमच्या सुनेच्या ओठाचा कोपरा जरा हलला. कुलदीपक तिच्याकडे बघत होता, डोळ्यांनी विनवत होता, काहीतरी कर. ती खिडकीबाहेर बघायला लागली.

केक ओव्हनमधून बाहेर आला तेव्हा सगळे माना पुढे काढून बघायला लागले. पांढराफटक! सासूबाईंच्या जुन्या केकची हुबेहूब नक्कल. मला त्याच्यावर चालवलं तेव्हा माझे दाते करकरले. एका ताटात तो काळा आणि दुसऱ्या ताटात हा गोरा, आणि मधे सासूबाईंचा चेहरा.

"ओव्हन बिघडलाय," कुलदीपक घाईघाईनं म्हणाला. "कालपासून त्रास देतोय."

"ओव्हन का?" आत्याबाई म्हणाल्या. "बरं, बरं."

नवी सून मात्र साधी पोर. ती वळून आमच्या सुनेला म्हणाली, "ताई, मग तुम्ही सांगा ना. तो रंग कशानं येतो?"

मी मनात म्हटलं, बोल बाई, आता तरी बोल, फाड यांचे बुरखे! सुनेनं आधी सासूबाईंकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे. त्यानं अगदी हळूच मान हलवली, नको म्हणून. सून हसली. त्या हसण्यानं माझंसुद्धा पातं गार पडलं.

"मला कुठं येतो?" ती म्हणाली. "मी तर कधी केलाच नाही. आईंच्या हातचा आहे."

सासूबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. वेड्या कुठल्या. त्यांना कळलंच नाही की दार बंद झालंय आणि किल्ली सुनेकडे आहे.

पुढचा सण आला. सासूबाईंनी अक्रोड आणले, खजूर आणले, ओट्यावर मांडले. सून भाजी चिरत राहिली.

"अगं, केक कधी लावतेस?"

"मला येत नाही, आई."

"काय चेष्टा करतेस!"

"चेष्टा कसली? सगळ्यांसमोर सांगितलं की मी. तेव्हा तुम्ही नाही म्हणाला नाहीत."

कुलदीपकानं समजूत घातली, चिडला, अबोला धरला. तिनं त्याला वेगळं ताट वाढलं आणि अबोला तसाच चालू दिला. शेवटी सासूबाई पिशवी घेऊन बाहेर पडल्या आणि पलीकडच्या बेकरीतून केक घेऊन आल्या. तपकिरी, मऊ, भुसभुशीत. दार लावून घेऊन त्यांनी तो माझ्याकडून कापून घेतला. माझ्या दात्यांना काही लागलंच नाही, कापूस कापल्यासारखं झालं. पाकिटं झाली, चिठ्ठ्या लागल्या. कुलदीपकानं त्याच वळणदार अक्षरात लिहिलं, 'आईंच्या हातचा केक'. पाकिटं गेली.

दुसऱ्या दिवशी आत्याबाईंचा फोन आला. सासूबाईंना कानाला लावून ऐकू येत नाही, त्यामुळे त्यांचा फोन कायम स्पीकरवर असतो. मी ओट्यावर होते, सून भांडी विसळत होती.

"वहिनी, काय केक झालाय हो यंदा! इतक्या वर्षांत असा झाला नव्हता," आत्याबाई म्हणाल्या. "आधीचा तो, खरं सांगू, मला जरा करपटच लागायचा. तोंडावर कसं बोलायचं म्हणून गप्प बसायचे."

नळाचं पाणी थांबलं. सुनेचे हात तसेच भांड्यावर.

आणि सासूबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं जो केक आपला म्हणून मिरवला, त्याला या बाईनं करपट म्हणावं!

"करपट? करपट म्हणता?" त्या कडाडल्या. "बशीतला चुरासुद्धा बोटानं टिपून खात होतात तेव्हा? आज खाल्लात ना, तो बेकरीतला आहे, बेकरीतला! आणि करपट म्हणताय तो माझ्या सुनेनं केलेला. दर वर्षी तिनंच केला. हात भाजून घेऊन केला. तुमच्या जिभेला कसली आलीये चव!"

फोन बंद. सासूबाई धापा टाकत होत्या. आपण काय बोललो ते त्यांना बोलून झाल्यावर कळलं. सून हात पुसत समोर येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता दोघी गळ्यात पडतील. मला असले प्रसंग सहन होत नाहीत. पण सून म्हणाली, "हे रागात बोललात. आता शांतपणे सांगा."

"कुणाला?"

"पाकीट गेलं त्या सगळ्यांना. लावा फोन."

"अगं, जाऊ दे ना आता," कुलदीपक दारातून म्हणाला.

"तू चिठ्ठ्या लिहीत होतास ना? मग नंबर काढून दे."

सासूबाईंनी फोन पुन्हा हातात घेतला. मग चष्मा लावला आणि आपल्या धाकट्या दिरांना फोन लावला. आवाज बारीक झाला होता. "भाऊजी, तो केक... दर सणाला पाठवायचे ना, तो मी नाही, सून करायची."

"हो, वहिनी," काका तिकडून आरामात म्हणाले. "ते आम्हाला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. तुमच्या हातचा आधी खाल्लेला होता ना आम्ही! सगळ्यांनाच माहीत होतं."

सून पुढे झाली. "काका, मग इतक्या वर्षांत एकदाही बोलला का नाहीत?"

"कशाला उगाच घरात वाद? केक मिळत होता की वेळेवर."

सुनेनं फोन बंद केला आणि खुर्चीवर बसली. सासूबाईंसमोर ती कधी रडली नव्हती, नवऱ्यासमोर नव्हती. तेव्हा मात्र रडली, आणि कुणी जवळ आलेलं तिला नको होतं.

आता या घरातून पाकिटं जात नाहीत. नातेवाईक फोन करून विचारतात, यंदा केक नाही का? सासूबाई म्हणतात, "नाही." एवढंच म्हणतात. दोघी एका घरात राहतात, कामापुरतं बोलतात. सून मनात आलं की साखर जाळते, छोटासा केक करते, माझ्याकडून कापून घेते आणि टेबलाशी बसून खाते. ज्याला हवा त्यानं मागावा, असा नियम आहे. मागणाऱ्याला आधी विचारावं लागतं, "तू केलेला केक देतेस का?" कुलदीपकाला हे वाक्य अजून जमत नाही, म्हणून त्याला केक मिळत नाही. त्याची मला काडीची दया येत नाही.

माझे दाते झिजलेत, मूठ हलते, फार वर्षं उरली नसावीत. जाता जाता तुम्हाला एकच सांगते, आणि विनंती करायची मला सवय नाही, तेव्हा धमकी समजलात तरी चालेल. सणासुदीला कुणाच्या घरी जाल, ताटातलं गोड उचलाल, तेव्हा कुणी केलं ते मोठ्यानं विचारा आणि जिनं केलं तिच्याकडे बघून खा. आणि सगळं माहीत असूनही मूग गिळून दुसरा तुकडा उचलणार असाल, तर हात जरा जपून पुढे करा. ताटाशेजारी मीच ठेवलेली असते.