खाडीची सवत

वल्ह्याच्या मुठीवर गुंडाळलेली हिरवी पट्टी... घामाने काळपटलेली, कडेला जरीचा एक धागा तेवढा चमकतोय – लुगड्याचाच काठ असणार, आणि नव्या नावाड्याने, दुमिंगने, ती काढलेली नाही. का काढावी त्याने? चिंधीमुळे मूठ हाताला काचत नाही, आणि कुणाच्या लुगड्याची ते चिंधी सांगत नाही. बस्त्यावने नजर उचलून पाण्यावर टाकली. ओहोटीचं गढूळ पाणी, नजरेला टेकायला कुठे खुंट नाही की शीड नाही, तेव्हा नजर पुन्हा पट्टीवर – आणि पट्टीवरून समोर, टोपल्यांच्या मधोमध, जिथे नातालीन बसली होती.

या तरीत, उतारूंच्या होडीत, तिला बसलेली त्याने पाहिलीच नव्हती. दोन वर्षं ती उभी असायची, मागे, सुकाणूपाशी, पदर खोचून. बसलेली नातालीन लहान दिसत होती. एखाद्या घरातलं मोठं कपाट हलवल्यावर भिंत कशी परकी दिसते, तसा तरीचा मागचा भाग दिसत होता, आणि तिथे दुमिंग उभा होता, चांगला पोरगा, मेहनती, त्याच्यात खोट काढायची म्हटली तरी सापडत नव्हती. बस्त्यावने सकाळपासून शोधली होती.

चौक गावच्या धक्क्यावरून खाडीपलीकडे वसईला जाणारी ही होडी इनासची, नातालीनच्या नवऱ्याची. लढाई लागली तसा इनास मोठ्या बोटीवर आगवाला म्हणून गेला, बॉयलरपाशी कोळसा ओढायला, आणि जाताना परवाना बायकोच्या नावावर करून गेला. लोकांना वाटलं, ती कुणी गडी ठेवील. तिने स्वतःच वल्हं उचललं. आणि उचललं ते उचललं, वर एक नवा कायदा काढला – जो आधी येईल तो आधी बसेल. त्याआधी रीत अशी की पुरुष बसून झाले, त्यांच्या विड्या पेटल्या, की मग जागा उरली तर उत्तन-डोंगरीच्या म्हावरंवाल्या बायकांना मासळीच्या टोपल्यांसकट आत घ्यायचं. नाही उरली तर त्या धक्क्यावर, म्हावरं उन्हात. ही रीत वाईट आहे असं कुणी म्हटलं नव्हतं. बस्त्यावनेही नाही. चाळीस वर्षं मासेमारीच्या होडीचा तांडेल होतो मी, माझी जागा सुकाणूशेजारी ठरलेली, तिथे माझ्या बुडाचा आकार लाकडाला पडला होता म्हणायचा तो – आणि एके सकाळी ती म्हणाली, "बाबा, आज पुढं बसा. ही पोटुशी हाय, तिला मागं कमी हादरे बसतात."

एवढंच. आवाज चढवला नाही, अपमान केला नाही. तो पुढे जाऊन बसला, बोंबलांचं पाणी धोतरात मुरलं, आणि रेमेत नावाची एक जाडजूड म्हावरंवाली तोंडाला पदर लावून हसली. पाण्याचा वास तीन दिवस गेला नाही... की तीन दिवस त्यानेच तो जाऊ दिला नाही?

त्याच रविवारी, चर्चमधली मिस्सा सुटल्यावर, चिंचेखाली. चारजण बसले होते, कुणीतरी म्हणालं, बाबा, काही सांगा. बस. त्याला गोष्ट शोधावी लागते कुठे? तो तोंड उघडतो आणि ती आपली आपण बाहेर पडते, जाळ्यातून बोय मासळी उडावी तशी. खाडी बाईमाणूस हाय, तो म्हणाला. पुरुषानं वल्हं मारलं तर ती लाजते. बाईनं मारलं तर म्हणते, ही कोण माझी सवत? आजोबाच्या वेळेला गोराईच्या एका बाईनं होडी चालवली – गोराई का, तर समोर गोराईचा मायकेल बसला होता आणि त्याला चिडवायचं होतं – तर मधोमध होडी उभी राहिली, तीनदा फिरली. मग? चौघे पुढे सरकले. मग काही नव्हतं. गोष्ट तिथेच संपत होती, पण वाक्य लुळं पडत होतं, त्याला शेपूट हवं होतं, आणि चाळीस वर्षांच्या सवयीने त्याने ते लावलं: "खाडी बाईला न्हाय बुडवत. तिच्या नवऱ्याला ठेवून घेते."

तेव्हा इनासची पत्रं येत होती. हे तो स्वतःला रोज सांगतो. तेव्हा येत होती... ईस्टरनंतर थांबली.

तोवर गोष्ट खाडी ओलांडून गेली होती. वसईच्या बाजारात एका माळणीने त्याला ती ऐकवली – त्यालाच – सात होड्या बुडाल्या म्हणाली, सात नवरे. आणि बस्त्यावने काय करावं? म्हणावं ना, बाई, हे मी जुळवलंय. तो म्हणाला, "सात न्हाय गो, एकच." म्हणाला आणि अंगावरून मोरपीस फिरल्यासारखं झालं त्याला.

मग बायका धक्क्यावर घुटमळायला लागल्या. ज्यांना तिने आधी बसवलं त्याच. कुणी भाईंदरला चालत जाऊन गाडी धरी, कुणी दुसरी होडी बघे. तोंडावर कुणी काही बोललं नाही. आणि आठ दिवसांपूर्वी नातालीन त्याच्या दारात आली. "बाबा, परवाना सोडतेय. कचेरीत अंगठा द्यायचाय, साक्षीला या. तुमच्याएवढं वडीलधारं कोण हाय मला." तो बरं म्हणाला. आठ दिवसांत आठदा तिच्या घरापर्यंत गेला, आठदा विहिरीवरूनच परतला. आज मात्र सांगायचं, कचेरीची पायरी चढायच्या आत. पलीकडला किल्ला मोठा होत चालला होता.

"नाताली," तो पुढे वाकला. "ती गोष्ट मी जुळवलेली हाय."

"कुठली?"

"सवतीची."

तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. "तुम्ही मनाचे चांगले, बाबा."

"अगं खोटी हाय. चिंचेखाली बसल्या बसल्या..."

"ऐका गो," रेमेत टोपलीवरून म्हणाली, "बाबा आज खरं बोलायला निघालाय. ताप बीप न्हाय ना बघा." बायका हसल्या. दुमिंगही हसला. बस्त्यावही – सवयीने – किंचित हसला, आणि त्या हसण्याने बोलण्यात होतं नव्हतं ते वजन गेलं.

"माझी आजी सांगायची ही गोष्ट," नातालीन म्हणाली. "गोराईचीच बाई होती गोष्टीत."

"तुझी आजी न्हाय सांगायची."

"मग मला कशी आठवते?"

तो तिच्या हातांकडे बघत राहिला. तळव्यांवरचे घट्टे पिवळे पडून सुटायला लागले होते. मग ती आवाज उतरवून, रेमेतला ऐकू जाणार नाही असं बोलली, "मला वल्हं आवडायचं, बाबा. खोटं कशाला सांगू. पण मी सोडलं की खाडी पण त्याला सोडेल."

होडी धक्क्याला लागली. टोपल्या उतरल्या. बस्त्याव बसूनच होता. आता? गोष्ट खोटी म्हणून तिला पटवलं तर वल्हं परत तिच्या हातात येईल – आणि इनास? खोट्या गोष्टीतून कुणी परत येत नाही. पत्रं थांबली ती मग नुसतीच थांबली, समुद्रात, कुणाच्याही सवतीवाचून. मी एकदा तोंड उघडून तिची होडी घेतली, आता परत उघडून नवरा घ्यायचा... म्हणजे गप्प बसणं हीच दया? केवढं सोयीचं. ज्या दयेने आपण सुटतो तिच्याकडे जरा नीट बघावं, एवढी अक्कल त्याला होती. बघायची हिंमत नव्हती.

कचेरीत कारकून भला निघाला. कागद वरून खाली वाचून म्हणाला, "बाई, बाईच्या नावावर परवाना असायला सरकारची हरकत नाही. नियमात तसं कुठंही लिहिलेलं नाही. तुमच्याविरुद्ध तक्रारही नाही एक. सोडताय कशाला?"

नातालीन बस्त्यावकडे वळली. "तुम्हीच सांगा, बाबा. तुम्हाला नीट सांगता येतं."

कारकुनाने टाक शाईत बुडवला. "हं. कारण?"

बस्त्यावने तोंड उघडलं, आणि त्या क्षणी त्याला आई आठवली. चुलीपुढे पाटावर, मांदेलीची डोकी मोडत, ती सांगत होती: खाडी बाईमाणूस हाय रे बस्त्याव... म्हणजे ती आईची गोष्ट. म्हणजे मी जुळवलेली नाही. छातीवरचं काही तरी सैल झालं, गोड सैल. आई गोष्टी सांगत नसे. आईला गोष्टींचा तिटकारा होता, बापाच्या गोष्टींनी ती विटली होती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं – आणि तरी ती चुलीपुढे बसली होती, बोलत होती, एकेक शब्द स्पष्ट, आणि नातालीन त्याच्या तोंडाकडे बघत थांबली होती, आणि आईने ही गोष्ट कधी सांगितलीच नव्हती हे ठाऊक असणं, कारकून दुसऱ्यांदा विचारेपर्यंत, ओहोटीच्या पाण्यासारखं त्याच्या पायांखालून हळूहळू निघून चाललं होतं...