मालुबाईची डागणी

मी कंग्राळीच्या मालुबाईची डागणी बोलतेय. डागणी म्हणजे डाग द्यायची लोखंडी सळई. पोराचा सांधा सुजला, ताप चढला, की मालुबाई मला चुलीत लाल करून सुजेवर टेकवायची. पोर किंचाळायचं. मला वाटायचं, रोग पळाला.

तीस वर्षं माझाच मान होता. शेजारच्या लहानग्या रवळूचा गुडघाही मीच डागला. तो जगला, पण पाय कायमचा ताठला. ते मी मनावर घेतलं नाही.

सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात मालुबाईच्याच नातीला, पाच वर्षांच्या गुणीला, ताप भरला. गुडघा टम्म फुगला. पायाला कुणाला हात लावू देईना.

"आई, डाग दे गं लौकर," मुलगा परशराम म्हणाला.

मी लाल होऊन तयार होते. मालुबाईनं मला उचललं आणि तिचा हात थांबला.

"न्हाय रं. रवळूचा पाय रोज बघतोस न्हवं? गाडी जुंप, बेळगावला जाऊ."

तरी तिनं मला विझवून गाठोड्यात घेतलंच.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी गुडघा हलकेच चाचपला.

"मुरगळलाय व्हय?" मालुबाईनं विचारलं.

"मुरगळल्यानं एवढा ताप येत नाही, आज्जी. सांध्यात पू झालाय. आजच काढायला हवा."

मग ती आली. सुई! माझ्यापुढं केवढीशी! ती आत शिरली आणि पिवळा पू नळीत चढला. मी जन्मभर वरची कातडीच जाळली. आतलं हिनं क्षणात शोधलं. चूल नसताना मी जळत होते.

पाय फळीला बांधला. दर तीन तासांनी नव्या पेनिसिलीनचं इंजेक्शन. आणखी दोनदा पू काढला. चौथ्या दिवशी ताप उतरला. आधी रडणारी गुणी पुढं आपणहून दंड पुढं करू लागली. माझ्यापुढं असं कुठलं पोर आलं होतं? महिन्यानं ती चालली, तेव्हा मालुबाईनं सुईला हात जोडले. मला कधी जोडले नव्हते.

आता मी निखारे सारते. हेवा गेलेला नाही, खोटं कशाला बोलू?

काल उचगावची एक बाई सुजल्या कोपराचं लेकरू घेऊन आली. मालुबाई घरामागच्या परड्यात होती. बाईनं घाबऱ्या घाबऱ्या मला चुलीत खुपसलं. कितीतरी दिवसांनी मी लाल झाले! पण ते लेकरू माझ्याकडं बघून आईला बिलगलं, आणि माझा सारा ताठा गळाला.

तेवढ्यात मालुबाई धावत आली. मला हिसकून तिनं पाण्यात बुडवलं. "गाडी जुंप रं परशराम!"

माझी चरचर गाडीच्या आवाजात कुणाला ऐकू गेली नाही. मी एवढंच म्हणत होते, "बाई, लौकर जा. ती सुई माझ्याहून चांगली आहे."