निळ्या शर्टाचे तीन तास

मी बोलतोय तो कचऱ्याच्या डब्यातून, तेव्हा जरा घाईने ऐकून घ्या. माझी एक बाही आत केळीच्या सालीवर पडली आहे, दुसरी डब्याच्या काठावरून बाहेर लोंबते आहे. सफाईवाल्या बाईंची गाडी तीन खोल्या पलीकडे आली आहे. तिची चाकं कुरकुरतात, ती मला इथवर ऐकू येतात. बाई या खोलीत आल्या की पिशवीला गाठ मारतील, आणि माझं म्हणणं कायमचं राहून जाईल.

मी एक शर्ट आहे. निळा, लांब बाह्यांचा, उंच गळ्याचा, पाण्यात घालायचा. ऊन अडवणं एवढं एकच काम मला येतं. आणि जिचं ऊन मी अडवायचं, ती नऊ वर्षांची ब्रिटा समोरच्या पलंगावर पालथी पडली आहे. तिच्या खांद्यांवर फोड आलेत, आणि ते सगळे फोड माझ्या नावावर लागले आहेत. मी काही केलं नाही हो! मला करूच दिलं नाही!

माझा जन्म कुठल्याशा शिवणकारखान्यात झाला. त्यातलं मला एवढंच आठवतं, की जिने माझ्या गळ्याला चेन बसवली, त्या बाईने ती तीनदा वर-खाली ओढून बघितली. पितळी, मजबूत चेन. ती पुढे माझ्या मुळावर येणार आहे, हे त्या बिचारीला काय ठाऊक?

विस्कॉन्सिनमधल्या एका दुकानात ब्रिटाच्या आईने, जोलीनने, मला हातात घेतलं. शेजारी बिनचेनचे चार शर्ट टांगलेले होते. पण आदल्या उन्हाळ्यात तळ्यावर असाच एक ओला शर्ट काढताना ब्रिटाच्या डोक्यात अडकला होता आणि पोरगी घाबरून किंचाळली होती. ते जोलीनच्या मनात होतं. तिने माझी चेन उघडून बघितली आणि म्हणाली, "हाच घेते. पटकन निघेल."

पटकन निघेल, म्हणूनच तिने मला घेतलं. आज ते आठवलं की माझ्या शिवणी ताणतात.

खरं तर या वर्षी सहलीला जाऊच नये असं जोलीनचं मत होतं. मे महिन्यात ब्रिटाला रानातला गोचीड चावला होता, मांडीवर लाल कडं उठलं होतं, आणि डॉक्टरांनी दिलेल्या तीन आठवड्यांच्या गोळ्या अजून संपल्या नव्हत्या. गोळ्यांच्या बाटलीवर एक नारिंगी चिठ्ठी चिकटवलेली, तिच्यावर सूर्याचं चित्र. या गोळ्या चालू असताना ऊन टाळा, असा तिचा अर्थ. पण फ्लोरिडाची सहल वर्षभर आधी ठरलेली. आणि ब्रिटा दोन वर्षं तिथल्या वॉटर पार्कमधल्या एका घसरगुंडीसाठी झुरत होती. घसरगुंडीचं नाव 'काळी सुसर'. मागच्या खेपेला उंची दोन बोटं कमी पडली म्हणून तिला पहिल्या पायरीवरून परत पाठवलं होतं. तेव्हापासून घरातल्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा चढत होत्या.

जोलीनला चीजच्या कारखान्यातून सुट्टी मिळाली नाही. तेव्हा बाप-लेक दोघंच निघाले. ट्रक अंगणातून हलायच्या आधी जोलीनने मला सीटवर ठेवलं आणि नवऱ्याला बजावलं, "कर्ट, पाण्यात असो, रांगेत असो, शर्ट अंगावरून उतरता कामा नये. दर दीड तासाने उन्हाचं मलम लावायचं. ऐकतोयस ना?"

"ऐकतोय गं बाई. तिसऱ्यांदा ऐकतोय."

कर्ट माणूस वाईट नाही. दुधाचा टँकर चालवतो, पोरीवर जीव टाकतो. पण त्याच्या मुलखात सहा महिने बर्फ असतो, आणि ऊन दिसलं की तिथली माणसं आहेत नाहीत ते कपडे काढून त्यात जाऊन बसतात. सहलीच्या पहिल्या दिवशी एकदा लालबुंद होऊन घ्यायचं, मग कातडी निबर होते आणि पुढचे दिवस काही त्रास नाही, हे त्यांचं शास्त्र. कर्टकडे तर पुरावाच होता. टँकरच्या खिडकीत वर्षानुवर्षं ठेवलेला त्याचा डावा हात भाजलेल्या पावासारखा तांबूस आणि उजवा दुधासारखा पांढरा. वाटेत पेट्रोल भरताना तो हात नाचवून ब्रिटाला म्हणाला, "हा बघ. कधी सोलतो का? सवय लागते उन्हाची."

"आई म्हणते तुझा हात म्हाताऱ्या कासवासारखा दिसतो."

"आईला सांग, कासव शंभर वर्षं जगतं."

दोघं खळखळून हसली. मला तेव्हाही हसू आलं नव्हतं.

परवा सकाळी नऊ वाजता, इथे मोटेलच्या खोलीत, कर्टने ब्रिटाला नाकापासून घोट्यापर्यंत मलम चोपडलं, मला तिच्या अंगात घातलं आणि चेन हनुवटीपर्यंत ओढली. किती आनंदात होतो मी! वॉटर पार्कमध्ये गेल्यावर मलमाची बाटली त्याने सामानाच्या कपाटात टाकली आणि कपाट बंद केलं. "पाण्याने जात नाही, लिहिलंय वर," असं म्हणाला. त्याच्याखाली बारीक अक्षरांत 'ऐंशी मिनिटं' असंही लिहिलं होतं. ते वाचायला चष्मा लागला असता आणि चष्मा ट्रकमध्ये होता.

पाण्यात मी तासभर तिच्या अंगावर राहिलो. संथ पाण्याच्या कालव्यातून आम्ही रबरी ट्यूबांवर तरंगत दोन फेऱ्या मारल्या, लाटांच्या तळ्यात गटांगळ्या खाल्ल्या. माझ्याखालची कातडी थंडगार होती. माझ्या आयुष्यातला कामाचा काळ म्हणाल तर तेवढाच.

अकराच्या सुमाराला आम्ही काळ्या सुसरीच्या पायथ्याशी पोचलो. तिथे गळ्यात शिट्टी अडकवलेली एक मुलगी उभी होती. तिने ब्रिटाला मोजपट्टीशी उभं केलं. वर चार बोटं! ब्रिटाने उडीच मारली. मग त्या मुलीची नजर माझ्यावर आली.

"साहेब, धातूची चेन असलेला कपडा वर चालत नाही. घसरगुंडीला ओरखडे पडतात, पोरांना लागतं. बिनचेनचे शर्ट मिळतात दुकानात, लाटांच्या तळ्यापाशी."

कर्टने मागे पाहिलं. आमच्यामागे रांग वळण घेऊन पार खाण्याच्या टपऱ्यांपर्यंत गेली होती.

"बाबा, रांग जाईल!" ब्रिटा रडकुंडीला आली. "आपण पाऊण तास उभे होतो. बाबा, प्लीज!"

कर्टने वर पाहिलं. आभाळ भरून आलेलं, सूर्याचा पत्ता नाही. "अगं, ऊन आहेच कुठे? काढ. एक चक्कर मारून ये, लगेच घालू."

जा ना रे दुकानात, मी ओरडत होतो. शंभर पावलांवर आहे! रांग पुन्हा लागेल, पोरीची पाठ पुन्हा मिळणार नाही! पण शर्टाचं ओरडणं कोण ऐकतो? माझी ती मजबूत, मुलायम चेन सर्रकन खाली आली आणि मी पटकन निघालो. जोलीनला हवा होतो तसा.

वर चढायचा जिना लाकडी, उघडा, सात मजले उंच. त्याच्यावर छप्पर नाही, आणि प्रत्येक मजल्यावर मिनिटभर उभं राहायचं. ब्रिटा खालून दिसेनाशी होईपर्यंत कर्ट हात हलवत राहिला. मग तो एका लांब खुर्चीवर आडवा झाला. बावीस तास ट्रक चालवून आलेला माणूस. ढगाच्या पांढऱ्या उजेडाने त्याचे डोळे दिपायला लागले, तेव्हा त्याने मला उचललं, घडी केली आणि स्वतःच्या तोंडावर घेतलं. दोन मिनिटांत घोरायला लागला.

इथे मला रडावंसं वाटतं, पण पाण्याशिवाय माझ्यात काही नव्हतं, आणि तेही परवाच वाळलं. मी त्याच्या तोंडावर पडून होतो. माझ्याखाली त्याचं नाक सुरक्षित, त्याचे गाल सुरक्षित. आणि माझ्या विणीतून मला ती पोरगी दिसत होती. एक चक्कर मारून धावत आली. "बाबा! जमलं मला! बाबा?" बापाचं घोरणं ऐकून हसली, म्हणाली, "झोप तू," आणि पुन्हा रांगेत जाऊन उभी राहिली. दुसऱ्या वेळी आली तेव्हा खांदे गुलाबी होते. तिसऱ्या वेळी लाल. खांद्याला हात लावून तिने "स्स्" केलं, आणि माझ्याकडे बघितलं. हात पुढे केला सुद्धा. घे, पोरी, घे मला, उठव त्याला! पण तिने हात मागे घेतला. बापाची झोपमोड कशाला, असा विचार केला असेल. चांगली मुलगी आहे, हाच घोळ आहे.

दोन वाजता विजा येत असल्याचा इशारा देणारा भोंगा वाजला, सगळ्या घसरगुंड्या बंद झाल्या, आणि कर्ट दचकून उठला. त्याने मला तोंडावरून काढलं आणि समोर उभ्या असलेल्या लेकीकडे पाहिलं.

संध्याकाळी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांची बाटली हातात घेऊन फिरवली. कर्ट पुन्हा पुन्हा म्हणत होता, "पण ढगाळ होतं हो. ढगाळ होतं."

"तुम्ही बर्फावर मासे धरायला जाता ना तिकडे? तोंड भाजून येतं की नाही, थंडीतसुद्धा, ढगांतसुद्धा? मग?" बाई म्हणाल्या. "आणि या गोळ्यांवर असताना तिला नेहमीच्या निम्मं ऊनसुद्धा जड आहे. दोन दिवस खोलीच्या बाहेर काढायची नाही."

काल दिवसभर ब्रिटा तापाने कण्हत होती. संध्याकाळी आईचा फोन आला. पडद्यावर जोलीनने लेकीची पाठ बघितली. मग तिने एकच विचारलं, "शर्ट घातला होता ना?"

कर्ट मान खाली घालून बसला होता. मी त्याच्या मांडीवर होतो. त्याची बोटं माझ्यात रुतलेली मला कळत होती. तेवढ्यात पलंगावरून उशीत तोंड खुपसलेला आवाज आला, "घातला होता, आई. पूर्ण वेळ."

"पूर्ण वेळ? मग असं कसं झालं?"

"त्यातून ऊन आत येत असेल."

"थोतांड आहे मेलं!" जोलीन भडकली. "टाकून दे तो, कर्ट, माझ्या डोळ्यांपुढे नको. आणि मी शहाणी, कामावरच्या कॅरललाही तिच्या पोरांसाठी हेच घे म्हणून सांगून बसलेय. उद्या कामावर गेले की सांगते, असल्या शर्टांच्या नादी लागू नको, मलम फास म्हणावं."

कर्टने मला डब्यात टाकलं. बापाला वाचवायला पोरगी खोटं बोलली, आणि बापाने ते चालवून घेतलं. माझं काय व्हायचं ते होवो. पण कॅरलच्या पोरांचं काय? आणि पुढच्या उन्हाळ्यात ब्रिटाचं काय? तिची आई आता कुठल्याच शर्टावर विश्वास ठेवणार नाही. अहो, कोणी तरी सांगा तिला!

गाडीची चाकं थांबली. दारावर टकटक झाली.

इथवर मी डब्यातून सांगितलं. पुढचं सांगतोय ते बाहेर आल्यावर.

सफाईवाल्या बाई आत आल्या. त्यांनी डबा उचलला, माझी लोंबती बाही बघितली आणि विचारलं, "हा टाकायचा आहे? नवा दिसतो."

कर्टने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "थांबा जरा," आणि तिथेच, बाईंसमोरच, फोन लावला. पलीकडून कारखान्याची घरघर ऐकू येत होती.

"जो, कॅरलला सांगितलंस का?"

"आत्ता जेवणाच्या सुट्टीत सांगणार. का? ताप वाढलाय का तिचा?"

"नाही. सांगू नकोस." तो पुढे म्हणाला, "शर्ट पोरीच्या अंगावर नव्हता. माझ्या तोंडावर होता. तीन तास. मी झोपलो होतो."

"बाबा, नको ना," पलंगावरून ब्रिटा कळवळली.

जोलीन म्हणाली, "आत्ता मी काही बोलत नाही, कर्ट. आत्ता बोलले तर भलतंच बोलून जाईन. शर्ट आहे अजून?"

"आहे."

"काढ त्याला. आणि माझ्या पोरीला घरी घेऊन ये."

हे झालं काल. आज सकाळी निघायची वेळ झाली. ट्रक आवारात लांब उभा, मध्ये तीस-एक पावलं उघडं डांबर, आणि आज आभाळात ढगाचा तुकडाही नव्हता. कर्टने मला धुतलं होतं. पण ब्रिटाच्या खांद्याला माझी कड लागली मात्र, ती ओरडून मागे सरली. माझा स्पर्शही आता तिला सोसत नव्हता.

पोरांना पाण्यावर न्याल तेव्हा गळ्याची चेन तेवढी बघून घ्या. ढगांवर विसंबू नका. आणि शर्ट घेतलात तर तो ज्याच्यासाठी घेतला त्याच्याच अंगावर राहू द्या. एवढंच मला सांगायचं होतं.

कर्टने दार उघडलं. त्याने माझ्या दोन्ही बाह्या दोन मुठींत धरल्या आणि लेकीच्या डोक्यावर मला ताणून धरलं, तिला कुठेही न लागेलसं. तो आखूड पावलं टाकत, तिच्या पावलाला पाऊल जुळवत चालायला लागला. त्याचा पांढरा उजवा हात पूर्ण उन्हात होता.

"बाबा, तुझा हात भाजेल."

"चालू दे तू. पायाखाली बघ."

तीस पावलं मी मध्ये होतो. ट्रकच्या दारापर्यंत तिच्यावर ऊन पडलं नाही.