पाणमांजराच्या चित्राची पाटी

मी ओढ्याकाठची पाटी बोलतेय. कारखान्याच्या मागच्या बाजूला उभी आहे. अंगावर पाणमांजराचं रंगीत चित्र, आणि खाली ठसठशीत अक्षरांत लिहिलंय, ‘येथे पाणमांजरे राहतात.’ ते वाचून कुणी आजूबाजूला बघायला लागलं, की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

माझा जन्म कौतुकातून झाला. कारखान्याने निसर्ग जपणाऱ्या एका संस्थेशी हातमिळवणी केली होती. संस्थेच्या ताईंनी हात धुऊन मागे लागून ओढ्यात जाणारं घाण पाणी बंद करवलं. पाणी निवळलं, मासे आले, आणि माशांच्या मागोमाग एक पाणमांजरी आली, पिल्लं घेऊन. साहेब हरखून गेले. लगेच माझी ऑर्डर गेली!

मला आणून काठच्या दगडांना टेकवून ठेवलं, त्याच संध्याकाळी ती मला भेटली. ओल्या मिशा, मागच्या पायांवर ताठ उभी. माझ्यावरचं चित्र तिने न्याहाळलं, हुंगलं आणि सरळ पाण्यात सूर मारला. चित्र काही तिला पटलं नसावं. मला मात्र ती फार आवडली.

दुसऱ्या दिवशी मोठे पाहुणे यायचे होते. बागेचं बघणारे काका माणसं घेऊन कामाला लागले. उंच गवत कापलं, दगड हलवून काठ सपाट केला, हिरवळ अंथरली, दिवे लावले आणि मधोमध मला उभं केलं. पाहुण्यांनी माझ्याशेजारी हसत फोटो काढले. त्या दगडांखालीच तिचं बीळ होतं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

“ताई, कसं चकाचक केलंय बघा!” काका म्हणाले.

ताई दगड होते त्या जागी धावल्या. “अहो काका, तिचं घरच उचललंत की तुम्ही.”

काकांचा चेहरा खर्रकन उतरला.

तेव्हापासून मी वाट बघतेय. पाण्यात खळबळ झाली की जीव वरखाली होतो. बघावं तर बेडूक! काकाही रोज इथेच बसून डबा खातात, नजर पाण्यावर. आम्हा दोघांनाही तिचाच ध्यास लागलाय.

आज सकाळी काका धापा टाकत ताईंना आणि साहेबांना घेऊन आले. वरच्या वळणावर चिखलात ठसे उमटले होते. ताजे, कालच्या संध्याकाळचे.

“दिवे काढा, दगड परत टाका, गवत वाढू द्या,” ताई म्हणाल्या. “माणसांची ये-जा बंद. आणि ही पाटीही नको. हिच्यासाठीच लोक इथवर येतात.”

“पाटी तरी राहू द्या हो,” साहेब कळवळले. “पाहुण्यांना दाखवायचं काय मग?”

“काहीच नाही. तिला सुखाने राहू द्यायचं, बस्स.”

साहेबांनी माझ्यावरच्या चित्रावरून हात फिरवला. मग म्हणाले, “काका, काढा.”

आता काका पाना घेऊन माझ्यापाशी बसलेत. एक बोल्ट निघाला, दुसऱ्यापाशी हात रेंगाळतोय. मला तिला अजून एकदा बघायचं होतं हो. पिल्लं केवढी झाली असतील? पण मी इथे आहे तोवर ती खाली यायची नाही.

काका, हात चालवा. संध्याकाळ व्हायच्या आत मला इथून न्या. ती त्याच वेळी येते.